घरात साठणारी टपाल-पत्रकांची रद्दी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आणि मार्चअखेरीला कागद शोधताना घाम फुटला की हे प्रश्न हमखास येतात. सारखेसारखे येणारे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आम्ही काहीच मागवत नाही, तरी एवढा कागद घरात येतो कुठून?

तीन वाटांनी येतो. पेपरच्या घडीतून पडणारी पत्रकं ही एक वाट. दुसरी लेटरबॉक्सची किंवा दाराच्या कडीची: क्लासवाले, केबलवाले, नवीन उघडलेलं डेंटल क्लिनिक, पेस्ट कंट्रोल. यांच्यावर कुणाचंच नाव नसतं. पोस्ट खातंसुद्धा 'डायरेक्ट पोस्ट' या सेवेखाली बिनपत्त्याच्या जाहिराती वाटतं, म्हणजे पोस्टमनने दिलेलं प्रत्येक पत्र आपल्याच नावाचं असतं असंही नाही. तिसरी वाट नावानिशी येणाऱ्या पाकिटांची. त्यात बँक, विमा, शेअर, फोन कंपनी आणि एकदा देणगी दिली की दर सणाला आठवण काढणाऱ्या संस्था येतात.

हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नावाचा कागद जिथून निघतो तिथेच थांबवता येतो. बिननावाचा फक्त दारात अडवता येतो.

आणि 'काहीच मागवत नाही' हे अगदी खरं नसतं. मॉलमधल्या लकी ड्रॉच्या पेटीत टाकलेलं कूपन, गृहप्रदर्शनात वहीत लिहून दिलेला पत्ता, सराफाच्या दुकानात सांगितलेली लग्नाच्या वाढदिवसाची तारीख, या सगळ्याची पाकिटं होऊन परत येतात. पुढच्या वेळी पत्त्याचा रकाना सरळ कोरा सोडा. वस्तू मिळायची थांबत नाही.

२. पेपरात घातलेली पत्रकं बंद करता येतात का?

फक्त तुमच्या घरापुरती, जवळजवळ नाही. पत्रकं छापखान्यात पेपरात जात नाहीत. पहाटे नाक्यावर पेपरचे गठ्ठे सुटतात आणि विक्रेते व मुलं तिथेच बसून ती घडीत सारतात. त्याचे त्यांना वेगळे पैसे मिळतात. गठ्ठा बांधताना कुठला पेपर कुणाच्या दारात पडणार हे ठरलेलं नसतं. तरी विक्रेत्याशी नीट बोललात तर तो टाकणाऱ्या मुलाला 'त्यांच्या दारात झटकून टाक' असं सांगू शकतो. काही जण ऐकतातही. त्या मुलावर मात्र चिडू नका, त्याच्या हातात फारसं काही नसतं.

व्यवहारी उपाय म्हणजे पेपर दारातच उघडून झटकायचा, पत्रकं रद्दीच्या पिशवीत आणि पेपर घरात. एका बाजूला कोरी असलेली पत्रकं वेगळी काढा. वाणसामानाच्या यादीला आणि मुलांच्या गणिताच्या कच्च्या कामाला त्यांच्याइतका चांगला कागद विकत मिळत नाही.

३. लेटरबॉक्समध्ये कुणीही येऊन पत्रकं कोंबतं. सोसायटी काय करू शकते?

बरंच काही. लेटरबॉक्सच्या रांगेवर 'पत्रके पेट्यांत टाकू नयेत, खालच्या ट्रेमध्ये ठेवावीत' अशी ठळक पाटी लावा आणि खाली खरोखरच एक ट्रे ठेवा. नुसती 'सक्त मनाई' कुणी वाचत नाही, कारण वाटणाऱ्याला गठ्ठा संपवायचा असतो. त्याला ठेवायला जागा दिली की तो तिथे ठेवून जातो. ज्याला हवं तो उचलतो, उरलेलं वॉचमन रविवारी रद्दीत घालतो.

भिंतीवर, गेटवर, जिन्याच्या कठड्यावर चिकटवलेल्या जाहिरातींची गोष्ट वेगळी आहे. लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी परवानगीशिवाय जाहिरात चिकटवण्याविरुद्ध 'महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५' आहे. स्टिकरवर फोन नंबर छापलेलाच असतो. सेक्रेटरीने त्या नंबरवर फोन करून कायद्याचं नाव घेतलं की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

४. कंपन्यांचे जाडजूड वार्षिक अहवाल येतात. ते कसे बंद करायचे?

ईमेल नोंदवून. डीमॅट खात्यात (म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या रूपात) शेअर असतील तर तुमच्या ब्रोकरकडे किंवा बँकेकडे, म्हणजे जिथे डीमॅट आहे तिथे, ईमेल बरोबर आहे का ते पाहा. एकदा तिथे नोंदला की त्या खात्यातल्या सगळ्या कंपन्यांना लागू होतो, एकेका कंपनीला लिहीत बसायला नको. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२४ च्या अखेरीस नियम बदलला, त्यामुळे ईमेल नसलेल्यांना पूर्ण अहवालाऐवजी वेबसाइटचा दुवा दिलेलं पत्र येतं. म्हणूनच अलीकडे ठोकळे कमी आणि पातळ पाकिटं जास्त दिसतात. छापील अहवाल हवाच असेल तर मागून घेता येतो.

शेअर अजून कागदी असतील तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, आयएसआर-१ हा फॉर्म भरून पत्ता, ईमेल, पॅन आणि बँक खातं नोंदवावं लागतं. हे काम नुसत्या रद्दीसाठी नाही, पैशांसाठी करा. एप्रिल २०२४ पासून कागदी शेअरवरचा लाभांश केवायसी पूर्ण असल्याशिवाय मिळत नाही आणि तो थेट बँकेतच जमा होतो. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकताही येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात.

५. बिलं आणि स्टेटमेंट ईमेलवर घेतली तर नंतर अडचण येते का?

फारशी नाही. महावितरणचे ग्राहक असाल तर फायदाच आहे. 'गो-ग्रीन' योजनेत कागदी बिल सोडलं की बिलात सूट मिळते. नोंदणीसाठी लागणारा जीजीएन क्रमांक बिलावरच छापलेला असतो, म्हणून शेवटचं कागदी बिल टाकण्याआधी तो टिपून घ्या.

अडचण येते ती दोन ठिकाणी. एक, पत्त्याचा पुरावा. केवायसीसाठी वीज किंवा गॅसचं बिल चालतं, पण ते दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. म्हणजे जुन्या बिलांचा गठ्ठा या कामाचा नाहीच, ताजं एक बिल छापून काढलं की झालं. दुसरी अडचण घरातल्या ज्येष्ठांची. आजोबा बिल हातात आल्यावरच भरत असतील आणि ते तुमच्या ईमेलवर येऊ लागलं, तर एक दिवस वीज कापायला माणूस दारात येईल. त्यांचं बिल कागदीच राहू द्या, किंवा भरण्याची जबाबदारी तुम्ही घ्या. अर्धवट बदल करू नका.

६. डीएनडी केलं की टपालातल्या जाहिराती थांबतील का?

नाही. १९०९ वर नोंदवायचं डीएनडी, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब', फोन कॉल आणि एसएमएससाठी आहे. कागदासाठी देशात अशी एकच एक यादी नाही. ज्या संस्थेचं पाकीट आलं तिलाच कळवावं लागतं. पाकिटावर किंवा पत्राच्या तळाशी ग्राहकसेवेचा ईमेल असतो. त्यावर आपला ग्राहक क्रमांक देऊन 'जाहिरातीची पत्रे पाठवू नयेत, खात्यासंबंधीची पत्रे चालू ठेवावीत' असं लिहा. दुसरं अर्धं वाक्य विसरलात तर कामाची पत्रंही बंद होण्याचा धोका असतो.

७. रोज आलेला कागद ठेवायचा तरी कुठे?

डायनिंग टेबलवर नाही, फ्रिजवर नाही, टीव्हीच्या मागे तर नाहीच. कागद जिथे घरात शिरतो तिथेच, चपलांच्या स्टँडच्या वर, एक उथळ ट्रे आणि खाली एक कापडी पिशवी ठेवा. ट्रे मुद्दाम उथळ हवा. खोल डबा ठेवलात की महिनाभराचा कागद त्यात गुपचूप जिरतो आणि मग कुणी हात लावत नाही.

पाकीट उभ्याउभ्याच फोडायचं. रिकामं पाकीट, सोबतची जाहिरात आणि 'आपण निवडले गेले आहात' छाप पत्र तिथल्या तिथे पिशवीत. ज्यावर काही करायचं आहे, म्हणजे भरायचं, सही करायची, कुणाला फोन करायचा, तेवढंच ट्रेमध्ये. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करायचा. शनिवार संध्याकाळ बरी पडते, कारण सोमवारी बँका उघडतात.

पूर्वी घरोघरी भिंतीवर एक तार टांगलेली असे. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि भरलेलं प्रत्येक बिल त्यात टोचलेलं. सगळ्यात नवं सगळ्यात वर. मागच्या आषाढातलं वीजबिल हवं असेल तर थर उचकून तारखेपर्यंत पोहोचायचं. आजच्या पारदर्शक फोल्डरांपेक्षा मला ती पद्धत सरस वाटते, कारण वर्गवारी करत बसावं लागत नाही, तारीख हीच वर्गवारी. स्टेशनरीच्या दुकानात ती तार अजून मिळते. फक्त मूळ कागदपत्रं तिला टोचू नका.

८. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

घराचे कागद कधीच टाकायचे नाहीत: खरेदीखत, इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावत्या, कर्ज फिटल्याचं पत्र. घरात मोठं बांधकाम केलं असेल तर त्याची बिलं घर विकेपर्यंत ठेवा. विकताना भांडवली नफा काढताना तो खर्च वजा दाखवता येतो, आणि त्या वेळी ठेकेदार शोधून बिल मागणं अशक्य असतं. दागिन्यांच्या पावत्यांनाही हाच न्याय.

आयकराचे कागद, म्हणजे फॉर्म १६, गुंतवणुकीचे आणि देणग्यांचे पुरावे, मी आठ वर्षं ठेवायला सांगते. फेरआकारणीची, म्हणजे जुना कर पुन्हा तपासण्याची, नोटीस निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यानंतर सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सव्वापाच वर्षांपर्यंत येऊ शकते. आठ वर्षं ठेवली की निवांत. व्यवसाय असेल तर तुमच्या सीएला विचारा, जीएसटीचे हिशेब आणखी वेगळे जपावे लागतात.

वीज, फोन, गॅसची भरलेली बिलं एक वर्ष पुरे. मुदत ठेवीची पावती पैसे हातात येईपर्यंत. वॉरंटी कार्ड बिलासकट मुदत संपेपर्यंत. ऑपरेशन आणि डिस्चार्जचे कागद कायमचे, कारण वीस वर्षांनी नवे डॉक्टर हमखास विचारतात. चालू विमा पॉलिसी अर्थातच ठेवायची, पण तिच्यासोबत आलेली जुनी माहितीपत्रकं नाही.

बाकी सगळं, म्हणजे एटीएमच्या चिठ्ठ्या, मिनी स्टेटमेंट, मॉलची बिलं, हिशेब जुळला की जाऊ द्या.

९. दुकानाच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्याफटक होतात. वॉरंटी मागायची कशी?

तो थर्मल कागद असतो. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने काळं पडणारा थर असतो. ऊन, ऊब आणि प्लॅस्टिकच्या कव्हरमधली रसायनं यांनी तो पुसट होतो. म्हणजे जपून लॅमिनेट केलेली पावती उलट लवकर खराब होते. घरी आल्याबरोबर फोटो काढा आणि महागाची वस्तू असेल तर झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला लावा. शक्य असेल तिथे दुकानदाराकडून पक्कं छापील बिलच मागून घ्या.

१०. नाव, पत्ता, खातेक्रमांक असलेले कागद तसेच रद्दीत द्यायचे का?

नाही. सगळा कागद फाडायची मात्र गरज नाही. ज्या ओळीत खातेक्रमांक, पॅन, जन्मतारीख किंवा सही आहे तेवढी पट्टी फाडून बादलीत भिजत घाला. रात्रभरात लगदा होतो. उरलेला कागद रद्दीत जातो. जुन्या चेकबुकांचे उरलेले चेक उभे-आडवे कापा आणि तुकडे दोन वेगवेगळ्या दिवशी टाका. आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, म्हणजे पुढे तो कागद कुठे फिरला याची चिंता कमी.

कुरियरच्या खोक्यांवरच्या लेबलांकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यावर नाव, पत्ता आणि बऱ्याचदा मोबाइल नंबरही असतो. लेबल थर्मल छपाईचं असेल तर त्यावर गरम इस्त्री टेकवा, अक्षरं काळ्या डागात बुडतात. नसेल तर सोलून काढा.

कागद जाळू नका. धुराचा त्रास तर होतोच, शिवाय उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल पालिका दंड करते.

११. रद्दीवाला हे सगळं घेतो का?

वर्तमानपत्राला चांगला भाव, वह्या-पुस्तकांना वेगळा, पुठ्ठ्याला वेगळा. सगळं एकत्र करून दिलंत तर तो सगळ्याला सर्वांत कमी भाव लावणार. खिडकीच्या पाकिटातला प्लॅस्टिकचा तुकडा काढून टाका. थर्मल पावत्या, कार्बन पेपर, लॅमिनेट केलेले आणि चमकी लावलेले कागद लगद्याच्या कामाचे नाहीत. रद्दीवाला येतच नसेल तर सुका कचरा म्हणून वेगळं द्या. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई तो घरून नेतात आणि कोरडा, न मळलेला कागद त्यांच्या कमाईचा भाग असतो. खरकट्याने भिजलेला कागद दिला की ती कमाई बुडते.

१२. लग्नपत्रिका आणि देवांचे फोटो असलेली पत्रकं टाकवत नाहीत. काय करावं?

पत्रिकेवर गणपती, कॅलेंडरवर लक्ष्मी, अगरबत्तीच्या जाहिरातीवर साईबाबा. हात अडखळतो हे खरं. देवाचं चित्र तेवढं कापून एका पाकिटात ठेवा, मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टला आणि रुखवताच्या सजावटीला कामी येतं. उरलेली पत्रिका सरळ रद्दीत. लॅमिनेट केलेला कागद निर्माल्य कलशात टाकू नका, त्या निर्माल्याचं खत व्हायचं असतं. नदीत तर मुळीच नको.

कॅलेंडरांबद्दल एवढंच: डिसेंबरअखेरीला सराफ, बँक, नगरसेवक आणि औषधाचं दुकान मिळून जेवढी देतात तेवढे खिळे कुणाच्याच भिंतीत नसतात. एक तिथी-वाराचं ठेवा, ज्यावर दुधाचे खाडे लिहिता येतील. बाकीची घेतानाच नको म्हणा.

१३. आधीच्या भाडेकरूंची पत्रं अजून येतात. उघडून पाहू का?

उघडू नका, फेकूही नका. पाकिटावर 'येथे राहत नाहीत' असं लिहा, बारकोडवर रेघ मारू नका, आणि पोस्टमनच्या हातात परत द्या. पाठवणाऱ्याकडे ते परत गेलं की पत्ता बदलण्याची शक्यता वाढते. एकदा परत करून थांबत नाही, चिकाटी लागते.

पत्रं वसुलीची असतील तर थोडी सावधगिरी बाळगा. माणूस घरी आला तर तुमचा नोंदणीकृत भाडेकरार दाखवा आणि त्याची झेरॉक्स देऊ नका. मृत व्यक्तीच्या नावाच्या पत्रांना हा नियम लागू नाही, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

१४. वडील वारले. त्यांच्या नावाची पाकिटं अजून येतात, पाहून त्रास होतो. टाकून देऊ का?

निदान एक वर्ष टाकू नका. त्रास होत असेल तर न उघडता एका खोक्यात ठेवा किंवा दुसऱ्या कुणाला तरी उघडायला सांगा. पण ठेवा.

वडिलांनी कुठे काय ठेवलं होतं हे घरात पूर्णपणे कुणालाच माहीत नसतं, आणि ते सांगणारी पाकिटं बऱ्याचदा वर्षातून एकदाच येतात. लॉकरच्या भाड्याची नोटीस, विम्याच्या हप्त्याची सूचना, विसरलेल्या शंभर शेअरांच्या कंपनीच्या सभेचं पत्र. सभांची पत्रं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. मे महिन्यात सगळं बंद केलंत तर ते शेअर आहेत हे कळणारच नाही. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही तर तो आणि ते शेअरही सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात. परत मिळतात, पण फॉर्म भरून आणि खेटे घालून. बँकेतली ठेव दहा वर्षं बेवारस राहिली की रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती शोधायला २०२३ पासून 'उद्गम' पोर्टल आहे, पण घरात आलेलं पाकीट त्याहून सोपं.

प्रत्येक पाकिटावरून संस्थेचं नाव आणि खाते किंवा फोलिओ क्रमांक एका वहीत उतरवा. मृत्यू दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच भरपूर काढून ठेवा. मग एकेका संस्थेकडे वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. काम झालं की त्या संस्थेची पत्रं आपोआप तुमच्या नावाने येऊ लागतात, मग प्रश्न ४ आणि ५ मधले उपाय लागू.

१५. नको असलेलं स्पीड पोस्ट नाकारलं तर चालतं का?

कॅश ऑन डिलिव्हरीचं न मागवलेलं पार्सल खुशाल नाकारा. सहीचं पत्र नाकारू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं, त्यामुळे कोर्टाच्या, वकिलाच्या, आयकर खात्याच्या नोटिसाही आता याच पाकिटातून येतात. योग्य पत्त्यावर आलेलं पत्र 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत गेलं, तर न्यायालयं ते मिळाल्यासारखंच धरतात. म्हणजे नोटीस तुम्हाला लागू, आणि तिच्यात काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही. पत्र घेतलं म्हणजे त्यातला मजकूर मान्य केला असं होत नाही. घ्या, तारीख घाला, पाकीटही जपून ठेवा.

१६. स्क्रॅच कार्ड खरवडलं तर गाडी लागली असं पत्र आलंय. खरं असेल का?

नाही. छान छापलेलं पाकीट, ओळखीच्या ऑनलाइन दुकानाचं बोधचिन्ह, तुमचं नाव बिनचूक, आणि बक्षिसाआधी 'कर' किंवा 'प्रोसेसिंग फी' भरा अशी मागणी. फसवणुकीची ही पद्धत जुनी आहे. फोन करू नका, क्यूआर स्कॅन करू नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि त्या वेळी ते पाकीट पुरावा म्हणून लागेल.

१७. निवडणुकीची पत्रकं?

दोन आठवडे सोसायची. मतदार यादीतला क्रमांक असलेली चिठ्ठी तेवढी मतदानापर्यंत ठेवा. उमेदवाराच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे. ते नसलेलं, कुणाची बदनामी करणारं पत्रक दारात पडलं तर ते पुढे कुणाला दाखवू नका, निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या.

१८. सासूबाई एकही कागद टाकू देत नाहीत. कसं समजावू?

समजावू नका. ज्यांनी रेशनकार्डासाठी रांगा लावल्या आणि एका पावतीवाचून पेन्शन अडलेली पाहिली, त्यांना कागद म्हणजे सुरक्षितता वाटते, आणि प्रश्न १४ वाचलात तर त्या अगदीच चुकीच्या नाहीत हे पटेल. त्यांच्यासाठी एक ट्रंक किंवा एक ड्रॉवर ठरवून द्या. त्यात काय राहील ते त्या ठरवतील, भरलं की त्याच निवडतील. दारातल्या ट्रेचा कारभार मात्र तुमच्याकडे घ्या.

१९. आम्ही परदेशात, पुण्यातला फ्लॅट बंद. लेटरबॉक्स ओसंडून वाहतोय. काय करावं?

भरलेली पेटी म्हणजे घर बंद असल्याची जाहिरात, म्हणून आधी ती रिकामी करायची सोय करा. विश्वासू शेजाऱ्याकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात पेटीची किल्ली द्या, आणि 'नाव असलेलं ठेवा, बिननावाचं टाका' एवढीच सूचना द्या. नावाच्या पाकिटांचे बाहेरून फोटो महिन्यातून एकदा व्हॉट्सअॅपवर मागवा. टपाल भावाकडे किंवा बहिणीकडे वळवायचं असेल तर तुमच्या भागातल्या वितरण करणाऱ्या पोस्टात नव्या पत्त्याचा लेखी अर्ज द्या. ते पोस्टापुरतंच, कुरियरला लागू नाही. मालमत्ता कराचं बिल पेटीत पडून दंड लागण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. ते पालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक घालून तिथूनच भरता येतं, म्हणून निघण्याआधी तो क्रमांक टिपून न्या.